शहाणा करून मारला

कावळा शिवला म्हणे. बाणगंगेहून परत आल्याआल्या, पायांवर पाणी घ्यायच्याही आधी, बाळभावजींनी मला हीच बातमी दिली, आणि ती देताना त्यांचा चेहरा मॅट्रिकचा निकाल सांगणाऱ्या पोरासारखा फुलला होता. "वहिनी, पाऊण तास कावळे फिरकेनात हो! शेजारच्यांचे पिंड भराभर उचलत होते, आपल्याकडे ढुंकून बघेनात. मी म्हटलं, श्याम, वहिनींची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. नाही शिवला. म्हटलं, वर्षश्राद्ध यथासांग करू. नाही. शेवटी टिपणीस पुढे झाले आणि माझ्या कानात म्हणाले, ती केस. मी हात जोडले, मोठ्याने म्हटलं, श्याम, ती पंख्याची केस आम्ही मागे घेतो, तू मोकळा हो. काय सांगू वहिनी, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत झपकन् उतरला! अंगावर काटा आला माझ्या." मग ते मोरीत पाय धुवायला गेले, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अंबादास टिपणीस दारातच चपला काढत मान हलवत राहिले.

मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी. बायकांनी घाटावर जायचं नसतं म्हणून मला नेलं नव्हतं, त्यामुळे माझ्याच नवऱ्याचं मत मला तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकावं लागत होतं, आणि तेही कावळ्याने दिलेलं. श्यामकांत वर्तक. विम्याच्या कचेरीत एकतीस वर्षं नोकरी. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नव्हती, आता घेते. अडवणारं कोण आहे? सोसायटीच्या अकरा वर्षांच्या मीटिंगांमध्ये या माणसाचं एक म्हणणं कोणी वहीत उतरवून घेतलं असेल तर शपथ. आणि मेल्यावर दहाव्या दिवशी मात्र त्यांचं मत एकमताने मंजूर! अहो, बाणगंगेचे कावळे ते. सकाळपासून पिंडांवर पिंड खाऊन सुस्तावलेले. पाऊण तासाने पुन्हा भूक लागली असेल मेल्याला. राग माझ्या असा मस्तकात गेला की तांब्यातलं पाणी हिंदकळून माझ्याच पायांवर सांडलं. दुपारी शेवंतीच्या कानांवर ही हकीकत गेली, तेव्हा तिने भांडी घासायचा हातसुद्धा थांबवला नाही. शेवंती आमच्याकडे पंधरा वर्षं कामाला, मालवणकडची, जिभेला हाड नाही. म्हणाली, "वयनीनू, आमच्या गावाक कावळो नाय इलो तर भटजी दर्भाचो कावळो करता नि शिवयता. शिवल्याशिवाय रवता काय? सगळ्यांका घराक जावचा आसता." दहा दिवसांत मला पहिल्यांदा हसू फुटलं, आणि हसता हसता असं रडू कोसळलं की तिनेच मला पाटावर बसवलं. मग पदराला हात पुसत तिने हळूच विचारलं, "खराच सोडतालात काय केस?"

केस पंख्याची. आमची इमारत मरोळला, औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून. कुंपणापलीकडचा पहिलाच गाळा प्लेटिंगचा. नळ, हँडलं, कड्या, कोयंडे, सगळ्याला तिथे चकाकी चढवतात. त्या गाळ्याच्या मागच्या भिंतीत बैलगाडीच्या चाकाएवढा एक्झॉस्ट पंखा आहे. सकाळी आठला सुरू होतो आणि आतली वाफ बाहेर फेकत राहतो. वाफ आंबट असते, जिभेच्या मुळाशी जाऊन बसते. बहुतेक वेळा वारा ती नाल्याकडच्या झोपड्यांवर नेतो, जिथे शेवंती राहते. कधीमधी उलटला की आमच्या गॅलरीत आणतो. मग माझी तांब्याची कळशी हिरवी पडते आणि वाळत घातलेल्या साडीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. आम्ही इतरांसारख्या खिडक्या लावून घेत होतो, चाललं होतं. शेवंतीचा नवरा गुणाजी त्याच गाळ्यात, क्रोमच्या हौदावर. एशियाडच्या वर्षीची होळी. तो शेवंतीला न्यायला आमच्या जिन्यात आला होता आणि पोरांनी त्याला घेरलं, "गुणाजीकाका, जादू! जादू!" गुणाजीने खिशातून दोरा काढला, ओला करून एका नाकपुडीत सारला, जरा मान तिरकी केली आणि दुसऱ्या नाकपुडीतून तोच दोरा ओढून बाहेर काढला. पोरांनी टाळ्या पिटल्या. टिपणिसांची बायको हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू? श्यामकांत दारात उभे होते, ते मात्र पांढरेफटक पडले. त्यांनी गुणाजीला घरात बोलावलं, खुर्चीवर बसवलं, हे काय म्हणून विचारलं. तो बिचारा ओशाळा झाला. "नाकातलो पडदो गेलो, साहेबानू. हौदावर वाफेन सगळ्यांचोच जाता. दुखणा बिखणा काय नाय." त्या संध्याकाळी श्यामकांतांनी सरकारकडे पहिला अर्ज लिहिला, की ही वाफ हौदावरच अडवा, माणसांच्या नाकात आणि पंख्यातून वस्तीवर सोडू नका, आणि लिहिताना दोनदा उठून गॅलरीत जाऊन तो पंखा बघून आले.

सोसायटीने सही केली नाही. टिपणिसांचं म्हणणं, वारा पलीकडे जातो ना, मग आपल्याला काय? शिवाय गाळ्याच्या मालकाने आम्हाला बोअरवेल मारून दिली होती, आणि मरोळला तेव्हा नळाला पाणी यायचं म्हणजे सणच असायचा. मीटिंगमध्ये श्यामकांत उठले, घसा खाकरून गुणाजीच्या नाकाबद्दल बोलायला लागले. दोन वाक्यं झाली असतील नसतील, टिपणीस हसून म्हणाले, "वर्तकसाहेब, अहो ती स्पॅनिश कादंबरी वाचलीय ना तुम्ही? तो म्हातारा राक्षस समजून भाला घेऊन पवनचक्कीवर धावून जातो. तुमचं तसंच चाललंय!" ज्यांनी आयुष्यात पवनचक्की पाहिली नव्हती आणि कादंबरी तर स्वप्नातही वाचली नव्हती, ते सगळे हसले. असे हसले की जणू त्यांच्या घरी रोज तिचं पारायण चालतं! त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याचं नाव पवनचक्की. जिन्यात पोरं ओरडायची, "पवनचक्की आली रे!" पुढे श्यामकांत गुणाजीला घेऊन डॉक्टरकडे जायला लागले, तेव्हा टिपणिसांनी दुसरा विनोद केला, की आता त्या कादंबरीतल्यासारखा गाढवावरचा शागीर्दही मिळाला. पुन्हा सगळे हसले. मी बाजूलाच फाटकाशी भाजी घेत उभी होते. त्या अख्ख्या इमारतीत ती कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ज्यांना ठाऊक होती अशी दोनच माणसं होती, आणि ती दोन्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होती.

ते जाडजूड पुस्तक श्यामकांतांनी लग्नानंतर दोनेक वर्षांनी पदपथावरून आणलं होतं. इंग्रजी, पाठ उसवलेली, आत काळ्या शाईची चित्रं. मी टेलिफोन खात्यात होते. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी येऊन कूकर लावायचा. हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मला ते पुस्तक वाचून दाखवायचे. इंग्रजी डोळ्यांनी वाचायचे आणि तोंडाने मराठी करायचे, तिथल्या तिथे. त्यातली खाणावळ यांच्या तोंडी दापोलीजवळच्या धर्मशाळेसारखी व्हायची, त्यातला न्हावी आमच्या नाक्यावरच्या न्हाव्यासारखा बोलायचा. तीन वर्षं पुरलं ते पुस्तक. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला मात्र हसू येत नसे. तो हडकुळा म्हातारा दर प्रकरणात मार खातो, दात पाडून घेतो, लोक मुद्दाम त्याच्या वेडाला खतपाणी घालतात आणि गंमत बघतात. मी एकदा पीठ मळता मळता ओरडलेच, "अहो, त्याला एवढं झोडपतायत आणि तुम्ही हसता काय?" ते चष्मा पुसत म्हणाले, "पद्मा, तो चुकतोय. दिसतंय ते वेगळं, आणि तो समजतोय वेगळं. हसायचं नाही तर काय?" सांगायचं काय, तर माझा नवरा त्या म्हाताऱ्याला हसणाऱ्यांपैकी होता. पवनचक्की कोणती आणि राक्षस कोणता हे त्यांना इमारतीतल्या कोणाहीपेक्षा नीट कळत होतं. ते तर पंख्याला पंखाच म्हणत होते! किती इंचांचा, मिनिटाला किती फेरे, वाफ किती फुटांवर पडते, सगळं मोजून अर्जात लिहीत होते.

आता मला सांगा, हा काय प्रकार आहे? पावणेचारशे वर्षांपूर्वी परमुलखात एका माणसाने एक पुस्तक लिहिलं. ते साता समुद्रांपलीकडून आलं, आणि मरोळला आल्यावर त्याचा उपयोग काय, तर एका सज्जन माणसाला मीटिंगमध्ये खाली बसवायचा. पुस्तक नाही वाचलं तरी चालतं. एक पवनचक्की तेवढी माहीत हवी. कोणी खरं बोलायला उठला की ती त्याच्या गळ्यात बांधायची, म्हणजे तो काय बोलत होता ते ऐकायची गरज उरत नाही. त्या म्हाताऱ्याला पवनचक्कीत राक्षस दिसला. टिपणिसांना पंख्यात पवनचक्की दिसली, आणि वर आता कावळ्यात माझा नवरा दिसला. मग वेडा कोण? आणि तो म्हातारा निदान घोड्यावर बसून एकटा धावून तरी गेला होता. यांनी बोअरवेलचं पाणी पीत बसल्याबसल्या भ्रम करून घेतले. दहाव्यानंतरच्या त्या तीन दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून पडले की हेच मनात घोळायचं. तोंडावर बोलायची वाक्यं जुळवायची, पाठ करायची, परत खोडायची. पाठीमागे पंखा घरघरत असायचा. जिभेवर आंबट चव यायची, आणि ती वाफेची की माझ्या रागाची ते मला कळेनासं झालं होतं.

पण रागात एक सोय असते. तो दुसऱ्यांकडे बोट दाखवत असतो तोवर आपल्याला स्वतःकडे बघावं लागत नाही. कावळा शिवला हे ऐकून मला खरी धडकी भरली होती ती वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होतं. एक कागद. 'मी ही केस स्वखुशीने मागे घेत आहे.' अक्षर माझं. सही श्यामकांतांची, खाली उतरत गेलेली. हे ना भावजींना ठाऊक होतं ना टिपणिसांना. केस गेल्या जूनमध्ये उभी राहिली. वकील म्हणाले, मोजमापं ठीक आहेत, पण गाळ्यात काम करणारा एक तरी माणूस साक्षीला हवा. मग चार महिने श्यामकांत रोज कचेरीतून परस्पर नाल्याकडे जाऊ लागले. गुणाजी चहा पाजायचा, मान खाली घालायचा आणि नाही म्हणायचा. "नोकरी जायत, साहेबानू. पोटार पाय येतलो." ते परत यायचे, बूट काढता काढता म्हणायचे, "उद्या बघू." मला त्या 'उद्या बघू'ची शिसारी बसली होती. जानेवारीत त्यांना पहिला अॅटॅक आला. डॉक्टर म्हणाले, जिना नको, त्रागा नको. आणि हे पडल्यापडल्या छताकडे बघत तारखा मोजतायत! माझं डोकं फिरलं. मला माणूस हवा होता हो, केस नको होती. एका दुपारी मी पलंगाशी बसले आणि त्यांना म्हटलं, सोडा आता. माझ्यासाठी सोडा. ते ऐकेनात. मग माझ्या तोंडून ते निघालं: "ज्याच्या नाकासाठी जीव टाकताय, तो गुणाजीसुद्धा उभा राहत नाही तुमच्या बाजूने. एक माणूस नाही. सगळं मरोळ हसतं तुम्हाला, आणि मी त्यांना काय सांगू?" श्यामकांतांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ते खरं. आण कागद." सही करून झाल्यावर त्यांनी पेनचं टोपण नीट लावलं आणि माझ्या हातात दिलं. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी त्यांच्यासाठी मऊ भात टाकला, वर तूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी दाराशी आला. कधी नव्हे तो एकटा, कामावर जायच्या वेळेला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. "साहेबांक भेटूचा होता." मी दार अर्धंच उघडलं होतं. चार महिने नाही म्हणून झालं, आता हा आणखी काय नाही म्हणायला आला, असं मला वाटलं. केस संपली, आता हे पुन्हा कशाला? मी म्हटलं, "झोप लागलीय त्यांना. आता कोणाला भेटायचं नाही." तो जरा घुटमळला. "दोनच मिन्टा, वयनीनू." मी म्हटलं, "नाही." आतून श्यामकांत विचारत होते, कोण आहे गं? मी म्हटलं, पेपरवाला. त्याच्या दुसऱ्या पहाटे ते गेले.

त्या पुस्तकाचा शेवट लोकांना माहीत नसतो. पवनचक्की सुरुवातीलाच येते, त्यामुळे पुढे कोणी जात नाही. शेवटी तो म्हातारा अंथरुणावर पडतो आणि शहाणा होतो. म्हणतो, मी वेडा होतो, ज्या शूरवीरांच्या पुस्तकांपायी वेडा झालो ती सगळी खोटी, मला माफ करा. आणि गंमत अशी की ज्यांनी त्याला शहाणं करायला जंग जंग पछाडलं, पुस्तकं जाळली, फसवून घरी आणलं, त्यांनाच ते ऐकवत नाही. त्याचा तो जाडा शागीर्द रडत म्हणतो, मालक, उठा, मरू नका, आपण पुन्हा बाहेर पडू. हे श्यामकांतांनी वाचलं त्या दिवशी ते हसले नव्हते. मी विचारलं होतं, शहाणा झाला म्हणून मेला, की मरायला टेकला म्हणून शहाणा झाला? ते म्हणाले, "ते लिहिलेलं नाही." आणि पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. दहाव्याच्या नंतर मला ते सगळं पुन्हा ऐकू यायला लागलं, त्यांच्या आवाजात, उंबऱ्यावरून. त्या पुस्तकात म्हाताऱ्याच्या घरात एक भाची असते आणि एक घर सांभाळणारी बाई. पुस्तकं जाळायला सगळ्यांत उतावीळ त्या दोघीच. तेव्हा मला त्यांच्याबद्दल काही वाटलं नव्हतं, उलट बरोबरच आहे म्हटलं होतं. टिपणीस हसले, पण श्यामकांत हसण्याला भीक घालणारे नव्हते. त्यांना शहाणं मी केलं. माझ्या अक्षरात केलं. आणि आता भावजींना वाटत होतं ते कावळ्याने केलं.

तेराव्याला पानं उठल्यावर भावजी आणि टिपणीस माझ्यासमोर खुर्च्या ओढून बसले. टिपणिसांनी टाइप केलेला कागद आणला होता. उद्याच तारीख होती. वारस म्हणून मी नाव लावलं नाही की केस आपोआप संपणार होती, पण त्यांना सगळं पक्कं हवं होतं. मी केस चालवू इच्छीत नाही, एवढंच लिहिलं होतं. "इथे सही, वहिनी," भावजी म्हणाले. "श्यामला शब्द दिलाय आपण." टिपणीस मवाळ आवाजात म्हणाले, "वर्तकांसारखा माणूस होणे नाही. पण काय आहे, शेवटपर्यंत पवनचक्कीच हो! या केसपायीच गेले बिचारे." मी विचारलं, "टिपणीस, तुम्ही ती कादंबरी वाचलीय?" ते म्हणाले, "म्हणजे... सगळ्यांना माहीतच असते ना." "शेवट काय होतो?" "शेवट? मरत असेल." मी म्हटलं, "पवनचक्कीने नाही मरत. घरी परत आणल्यावर मरतो. तुमच्यासारखी माणसं घरात येऊन बसतात ना, चार शब्द समजुतीचे सांगायला, त्याने मरतो." माझा आवाज चढला होता, पंगत वाढणाऱ्या बायका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भावजी कळवळून म्हणाले, "वहिनी, असं काय करता? कावळा शिवला हो!" "मग कावळ्याला घेऊन जा उद्या कोर्टात! करू दे त्याला सही!" मी तो कागद टिपणिसांच्या मांडीवर ठेवला. "लाज नाही वाटत? एका माणसाच्या नाकाला भोक पडलंय, अहो, खरं भोक, दोरा जातो आरपार, आणि तुम्हाला त्यात पुस्तक आठवतं? तेही न वाचलेलं?" भावजींनी चपला घातल्या. दारातून म्हणाले, यापुढे तुमचं तुम्ही बघा वहिनी, मला विचारू नका. मी बरं म्हटलं. खरं तर ते म्हणाले तेव्हा मला भीती वाटली. माझं सासरकडचं तेवढंच एक माणूस होतं.

मग मी कपाटातला कागद काढला, घडी घालून मुठीत धरला आणि तशीच जिना उतरले. तेराव्याच्या दिवशी विधवा बाई एकटी निघाली म्हणून गॅलरीतून माणसं बघत होती. बघोत. नाल्याकडे मी पंधरा वर्षांत एकदाही गेले नव्हते. शेवंती माझ्याकडे यायची, मी तिच्याकडे जायचं कारणच पडलं नव्हतं. पंख्याची ती बाजू वेगळीच निघाली. आमच्या गॅलरीतून तो फक्त आवाज करतो, इथे त्याची वाफ अंगावर ओली लागत होती आणि पत्र्यांवर हिरवट चट्टे होते. याच वाटेने श्यामकांत चार महिने रोज येत होते, कचेरीच्या बुटांनी. गुणाजीची पाळी सुटली होती. तो दारासमोरच्या बाकड्यावर बसला होता, शेवंती तांदूळ निवडत होती. मला बघून दोघं धडपडत उठली. मी म्हटलं, "बसा. मला एक सांगायचंय आणि मी उभ्यानेच सांगणार आहे." आणि सांगितलं. कावळ्याने काही सोडलेलं नाही. केस साहेबांनी जिवंतपणी सोडली, कारण मी सोडायला लावली. तुझं नाव घेऊन सोडायला लावली, गुणाजी. म्हटलं, तोसुद्धा तुमच्या बाजूने उभा राहत नाही. हा त्यांच्या सहीचा कागद. तो मी वकिलाला दिलेला नाही. उद्या मी माझं नाव लावणार आहे. तू साक्षीला ये असं म्हणायचा मला हक्क नाही, पण म्हणते आहे.

गुणाजीने कागद घेतला नाही. तो माझ्या मुठीकडे बघत राहिला. "सही कधी केल्यानी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तू दारात आलास त्याच्या आदल्या दिवशी." शेवंती एकदम म्हणाली, "अगो बाय माझे!" आणि तांदळाचं सूप खाली ठेवलं. गुणाजीने तिला हाताने गप्प केलं. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, नाकातून वारा गेल्यासारखा, मला वाटतं त्यात राग असता तर बरं झालं असतं. "वयनीनू, त्या दिशी मी तेंका सांगूक इल्लंय, की मी साक्ष देतंय. रातभर आमचा दोघांचा बोलणा झाला. नोकरी गेली तर गेली म्हटला. चार म्हयने तो माणूस माझ्या दाराक येय होतो, म्हटला एकदा आपण जावया तेंच्या दाराक."

मला आठवतं ते एवढंच, की मी खाली बसले, मातीत, आणि बाकड्याचा पाय घट्ट धरला. आतून कोण आहे गं म्हणून विचारणारा आवाज, आणि मी म्हणाले होते पेपरवाला. ज्या एका वाक्याची ते चार महिने वाट बघत होते ते माझ्या दारात टोपी हातात घेऊन उभं होतं, आणि मी त्याला झोप लागलीय म्हणून सांगितलं. आपल्या बाजूने एकही माणूस नाही असं समजून माझा नवरा मेला. ते त्यांना टिपणिसांनी पटवलं नव्हतं. शेवंती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मला तिचा हात झिडकारावासा वाटत होता, कारण मला कोणी माफ केलेलं नको होतं. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, "गुणाजी, ते तू मला सांग. त्यांना सांगायला आला होतास ना, ते आता मला सांग."

तो उठून उभा राहिला. साहेबांसमोर उभा राहायचा तसाच. म्हणाला, "मी साक्ष देतंय, वयनीनू."

"दहाला निघायचंय," मी म्हटलं. "धुतलेला शर्ट घाल."